फौजीची बायको झालात? मग घर, कागदं आणि पोस्टिंगचं गणित इथून सुरू करा

लग्न ठरताना सगळे एवढंच सांगतात की मुलगा मिलिट्रीत आहे, पर्मनंट नोकरी आहे, कॅन्टीन आहे, पुढं पेन्शन आहे. पण हळद उतरायच्या आत सुट्टी संपते, नवरा ट्रेनमध्ये बसतो आणि मग गॅसच्या नंबरपासून सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्यांपर्यंत सगळं आपल्याच अंगावर येतं, ते काही कुणी सांगत नाही. म्हणून नव्यानं या घरात आलेल्यांसाठी हे लिहितेय. मी जवानाची बायको आहे त्यामुळं आर्मीतल्या जवान-हवालदार लोकांच्या हिशोबानं लिहिलंय, एअरफोर्स, नेव्ही किंवा ऑफिसर असेल तर ऑफिसांची नावं बदलतील, काम तेच राहतं.

माझं म्हणणं सोपंय. नवरा घरी नाही म्हणून घर अडून राहता कामा नये आणि त्यासाठी लागणारं सगळं तो घरी असतानाच उरकून घ्यायचं.

आधी कागदावर या

मंडपात पाचशे माणसं जेवून गेली तरी फौजेच्या लेखी तुमचं लग्न तेव्हाच झालं जेव्हा त्याची पार्ट टू ऑर्डर निघाली. लग्न असो, मूल होणं असो, कुटुंबात काहीही बदल झाला की युनिटच्या ऑफिसमधून ही ऑर्डर निघते आणि रेकॉर्ड ऑफिसला जाते. प्रत्येक रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं असतं, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. तुमचं कुठलं ते आजच विचारून ठेवा. डिपेन्डंट कार्ड, दवाखाना, क्वार्टर, मुलांचे पैसे, उद्या फॅमिली पेन्शन, सगळं या एका नोंदीवर उभं असतं.

तर क्रम असा धरा. पहिल्यांदा विवाह नोंदणी करून घ्या, गावात असाल तर ग्रामपंचायतीत होते, शहरात पालिकेत. दाखला हातात आला की नवरा सुट्टीवरून परत जाताना त्याच्या बॅगेत मूळ दाखला आणि झेरॉक्स, तुमचं आधार, पॅन, दोघांचा एकत्र फोटो असं सगळं घाला. पंधरा दिवसांनी फोनवर विचारा, ऑर्डर निघाली का, नंबर काय, तारीख काय. नुसतं "क्लार्कला दिलंय" म्हणाले तर ते काम झालं असं समजू नका. ऑर्डरचा नंबर आणि तारीख तुमच्या वहीत आली की झालं.

आता नावाची भानगड, आपल्याकडं ही फारच. माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, काही घरात तर लग्नात पहिलं नावसुद्धा बदलतात, ताटात तांदूळ पसरून त्यात लिहितात आणि हौसेनं फोटो काढतात. मग आधारवर सुनिता, शाळेच्या दाखल्यावर सुनीता, सर्व्हिसच्या कागदात सौ. स्नेहल. आज कुणाला काही वाटत नाही पण वीस वर्षांनी याच एका वेलांटीवरून अॅफिडेव्हिट करा, गॅझेट काढा, पुन्हा रेकॉर्डला पाठवा असे हेलपाटे होतात आणि तेही नेमके अशा वेळी जेव्हा माणसात त्राण नसतं. त्यामुळं एकदाच ठरवा की माझं नाव, स्पेलिंग आणि जन्मतारीख हीच, आणि आधार, पॅन, बँक, पार्ट टू ऑर्डर सगळीकडं तेच करून घ्या. नाव खरंच बदलायचं असेल तर राज्य सरकारच्या राजपत्रात रीतसर छापून घ्या, उगीच तोंडी बदलू नका. मूल झालं की तेच, जन्मदाखल्यावर नाव घालायला उशीर करू नका, बारशात आत्यानं ठेवलेलं नाव आणि दाखल्यावरचं नाव दोन वेगळी नकोत.

याशिवाय किंड्रेड रोल म्हणून एक कागद असतो, त्यात बायको-मुलं, आईवडील, वारस, नॉमिनी असं सगळं भरलेलं असतं. लग्नाआधी सगळीकडं नॉमिनी आई असते आणि ते बरोबरच आहे, पण लग्नानंतर बदल करायचं राहून जातं. हा विषय सासूबाईंसमोर काढायला जड जातं हे मला माहितीय, नवऱ्यालाच काढायला लावा. आईलाही वाटा ठेवता येतो, कुणाला तोडायचं नसतं, फक्त कागद आजच्या तारखेचा पाहिजे. यात आर्मी ग्रुप इन्शुरन्स येतो, त्याचे पैसे दर महिन्याला पगारातून कापले जातात, एएफपीपी फंड म्हणजे फौजेतला प्रॉव्हिडंट फंड येतो आणि बँकेचं सॅलरी खातं येतं.

सगळ्या कागदांची एक फाईल करा आणि फाईलच्या पहिल्या पानावर त्यांचा आर्मी नंबर, रँक, पूर्ण नाव, कंपनी, युनिट आणि द्वारा ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस) जो असेल तो पत्ता असं मोठ्या अक्षरात लिहा. आर्मी नंबर पाठच करा, कुठल्याही मिलिट्री ऑफिसच्या खिडकीवर नवऱ्याच्या नावाआधी तोच विचारतात.

पैसे

पगार त्यांच्या खात्यात, कार्ड त्यांच्या पाकिटात आणि तो माणूस अशा ठिकाणी जिथं टॉवर नाही, मग इकडं तुम्ही शेजारणीकडून उसने घ्यायचे, असलं नको. जॉइंट खातं काढा किंवा तुमच्या खात्यावर दर महिन्याला ठराविक रक्कम आपोआप येईल असं बँकेत लावून द्या. सॅलरी पॅकेजच्या खात्यावर अपघात विम्यासारखं काय काय मिळतं तेही बँकेत विचारून लिहून ठेवा. घरखर्च, सासरी द्यायचे पैसे आणि बचत यातलं कुणाच्या हातात काय राहील हे तिघाचौघांत बसून आधीच बोलून घेतलेलं बरं, कारण पैशाची भांडणं फोनवर मिटत नाहीत, वाढतातच.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. नवरा पैसेच पाठवत नसेल, बायको-मुलांना बघत नसेल तर त्याच्या पगारातून पोटगीची रक्कम कापून देण्याची तरतूद आर्मी अॅक्ट १९५० मध्ये आहे, ऑफिसरांसाठी कलम ९० आणि बाकीच्यांसाठी कलम ९१. युनिटच्या कमांडिंग ऑफिसरच्या नावानं अर्ज करता येतो. ही वेळ कुणावर येऊ नये, पण आली तर गप्प बसून राहू नका.

राहायचं कुठं

तीन पर्याय असतात. पीस स्टेशन म्हणजे शांत भागातली छावणी असेल तर त्यांच्याबरोबर क्वार्टरमध्ये, फील्ड पोस्टिंग म्हणजे बॉर्डरसारख्या भागातली असेल तर सेपरेटेड फॅमिली म्हणजे एसएफ क्वार्टरमध्ये, नाहीतर गावी. फील्डला फॅमिली नेता येत नाही, आणि पीसलासुद्धा क्वार्टर लगेच मिळत नाही, वेटिंग असतं, त्यामुळं "लग्न झालं की घेऊन जातो" असं जे नवरा म्हणतो त्यात त्याची चूक नसते, त्याच्या हातात नसतं. एसएफचा अर्ज पोस्टिंगची ऑर्डर आली की लगेच टाकायला लावा.

गावी राहणं वाईट असं माझं अजिबात मत नाही. मूल अगदी लहान असेल, सासूबाई मायाळू असतील तर गावच बरं. पण मुलं शाळेत जायला लागली आणि जवळ चांगला दवाखाना नसेल तर एसएफचा विचार करा, तिथं आजूबाजूला सगळ्यांचेच नवरे बाहेर असतात, त्यामुळं रात्री दोन वाजता मुलाला ताप आला तर दार वाजवायला कुणाला संकोच वाटत नाही.

क्वार्टर मिळालं की मार्च इन होतं, म्हणजे एमईएसचा (फौजेच्या इमारती बघणाऱ्या खात्याचा) माणूस यादी घेऊन येतो आणि पंखे, ट्यूबलाइट, नळ, सिंक, कड्या, काचा मोजून देतो आणि सही घेतो. इथं घाई करायची नाही. सगळे नळ सोडून बघा, फ्लश ओढून बघा, प्रत्येक पंखा पाचावर फिरवा, खिडकीच्या काचेला तडा असेल, बेसिनचा टवका गेला असेल, दाराची कडी तुटली असेल तर ते त्यांच्याच कागदावर लिहायला लावा आणि मोबाईलवर तारखेसह व्हिडिओ काढा. कारण जाताना मार्च आउट होतं आणि तेव्हा जे तुटलेलं दिसेल ते बॅरक डॅमेज म्हणून आपल्या नावावर लागतं, मग तो टवका आधीच्या भाभीच्या काळातला असला तरी. आणि भिंतीत खिळे ठोकायच्या आधी दोनदा विचार करा. देव्हाऱ्यासाठी मी तर सरळ एक छोटं टेबलच केलंय, पोस्टिंग आली की उचललं की झालं. सामानही त्याच हिशोबानं घ्या, मोठं शोकेस, काचेचं टेबल, जड कपाट असलं काही नको. काळ्या ट्रंका चांगल्या, त्यांच्यावर नंबर टाकायचा आणि कुठल्या नंबरात काय ते वहीत लिहायचं, आणि एक नंबरच्या ट्रंकेत कुकर, दोन पातेली, तवा, मीठमसाला, चादरी, मुलांचे कपडे, म्हणजे नव्या ठिकाणी पोचल्या रात्री बाकीच्या उघडाव्याच लागत नाहीत.

भाषेचं सांगते. युनिटमध्ये सगळं हिंदीत चालतं. आपलं हिंदी म्हणजे "मेरेको वो चाहिए था ना" छाप, सुरुवातीला लाज वाटते, वाटू दे. कुणी हसत नाही, पंजाबी भाभीचं, तमिळ भाभीचं पण तसंच असतं. फॅमिली वेल्फेअरच्या मीटिंगला जात जा. आर्मी विमेन (आधीचं नाव वाइव्ज) वेल्फेअर असोसिएशन म्हणजे आवा, ही १९६६ पासूनची संस्था आहे, युनिटमधले शिवणाचे, कॉम्प्युटरचे क्लासेस बऱ्याचदा यांच्यातर्फेच चालतात. काही बायका म्हणतात नुसतं चहा-समोसा आणि टाळ्या असतात. कधीकधी असतंही तसं. पण कुणाचं क्वार्टर कधी रिकामं होणारेय, एमएचला म्हणजे मिलिट्री हॉस्पिटलला मुलांचे डॉक्टर कुठल्या दिवशी असतात, शाळेचे फॉर्म कधी सुटणार, ही सगळी माहिती तिथंच मिळते.

दवाखाना

डिपेन्डंट कार्ड आल्यावर साध्या दुखण्याला युनिटची किंवा स्टेशनची एमआय रूम म्हणजे छोटा दवाखाना आणि मोठ्याला मिलिट्री हॉस्पिटल. आपल्या महाराष्ट्रात पुण्याला कमांड हॉस्पिटल, खडकी, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, कामठी इथं एमएच आहेत, मुंबईत नेव्हीचं अश्विनी आहे. गावी राहत असाल तर सगळ्यात जवळचं कुठलं आणि तिथं पोचायला किती वेळ लागतो हे आजारपण यायच्या आधी बघून ठेवा. डिलिव्हरी एमएचला करायची असेल तर सुरुवातीच्या महिन्यातच नाव घाला, शेवटच्या महिन्यात फाईल घेऊन पळापळ नको. सासू-सासरे उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असतील तर त्यांनाही सोय मिळते, पण त्यासाठी त्यांचं नाव डिपेन्डंट म्हणून लागलेलं असलं पाहिजे.

अगदीच जिवावरचं असेल तर जवळ जे हॉस्पिटल असेल तिथं आधी न्या, कार्डाचा विचार करत बसू नका. फक्त जवळच्या एमएचला आणि युनिटला लगेच कळवा आणि बिलं, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड सगळं मूळ प्रतीत जपा, पुढं क्लेम त्याच्यावरच होतो. ईसीएचएस ही रिटायर झाल्यानंतरची स्कीम आहे, २००३ साली सुरू झाली, नोकरीत असताना ती लागू नसते, गावात बरेच लोक यात गोंधळ घालतात.

शाळा

मुलाची शाळा दर दोन-तीन वर्षांनी बदलणार हे धरूनच चाला. त्यामुळं केंद्रीय विद्यालय किंवा आर्मी पब्लिक स्कूल हे दोन पर्याय सोयीचे, अभ्यासक्रम सगळीकडं सीबीएसईचा. केंद्रीय विद्यालयात बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना पहिला क्रम असतो, त्यात फौजी येतात, आणि गेल्या सात वर्षांत किती बदल्या झाल्या ते मोजतात, म्हणून युनिटकडून बदल्यांचं सर्टिफिकेट वेळेत मागवा. पहिलीला वय सहा पूर्ण लागतं. टीसी काढताना मुलाचं नाव आणि जन्मतारीख पुन्हा एकदा डोळ्यात तेल घालून वाचा.

मुलांच्या शिक्षणाचा भत्ता दोन मुलांसाठी मिळतो. सातव्या वेतन आयोगात तो एका मुलामागे महिना २२५० रुपये होता, महागाई भत्ता ५० टक्के झाल्यावर जानेवारी २०२४ पासून २८१२ रुपये ५० पैसे झाला. शाळेच्या मुख्याध्यापकांचं सर्टिफिकेट लागतं, वर्ष संपलं की लगेच घ्या, मेच्या सुट्टीत शाळेत कुणी सापडत नाही.

मराठीचं मात्र आपल्यालाच बघावं लागतं. शाळेत हिंदी-इंग्रजी, खेळताना हिंदी, मग पोरगं गावी आल्यावर आजीशी हिंदीत बोलतं आणि आजी कौतुकानं हसते पण तिला अर्धं कळत नाही. घरात मराठीच बोला, रोज एक पान वाचून घ्या, दिवाळीला आजीला हातानं पत्र लिहायला लावा.

फोन लागत नाही तेव्हा

सुरुवातीला हेच सगळ्यात जड जातं. वर म्हणजे बॉर्डरकडं गेल्यावर आठवडाभर फोन नाही असं होऊ शकतं. यावर एकच उपाय आहे, तो जायच्या आधी बोलून घ्यायचं की इतके दिवस फोन आला नाही तरी काळजी करायची नाही आणि त्यानंतरही नाही आला तर कुणाला विचारायचं. युनिटच्या मागे राहिलेल्या रिअर पार्टीचा नंबर, कंपनीच्या सिनियर जेसीओंचा (सुभेदारांसारख्या साहेबांचा) नंबर आणि त्याच पलटणीतल्या एखाद्या भाभीचा नंबर कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा, मोबाईल पाण्यात पडला तर कागदच कामाला येतो. घरी काही गंभीर झालं तर या नंबरवर कळवायचं, ते निरोप पोचवतात आणि सुट्टीचंही बघतात. फक्त नवऱ्याला बोलवायला खोटं आजारपण सांगू नका, एकदा कळलं की पुढच्या खऱ्या वेळेला कुणी विश्वास ठेवत नाही.

टीव्हीवर बॉर्डरची बातमी लागली की नातेवाइकांचे फोन सुरू होतात, "त्यांचं युनिट तिकडंच ना गं?" तुम्ही काहीही सांगायचं नाही, अगदी सख्ख्या मावशीलाही. युनिट कुठं हललं, ट्रेन कधीची, किती जण गेले, हे स्टेटसला टाकायचं नाही, वर्दीतला फोटो डीपीला नको, लोकेशन बंद ठेवा. आर्मीनं २०२० मध्ये जवानांना ८९ अॅप मोबाईलमधून काढायला लावली होती, त्यात फेसबुक-इन्स्टाग्राम पण होतं, यावरून ते लोक ही गोष्ट किती गंभीर घेतात ते समजा. अनोळखी बाईमाणसाची फ्रेंड रिक्वेस्ट, "भाभीजी मी साहेबांच्या ऑफिसातून बोलतोय, एक ओटीपी आला असेल" असले फोन, सरळ कट. वाईट बातमी असेल तर ती युनिटकडूनच येते, व्हॉट्सअॅप ग्रुपवरचं काहीही खरं धरू नका.

शेत, बांध आणि भाऊबंद

फौजी वर्षातले बरेच महिने बाहेर असतो हे बांध कोरणाऱ्याला पक्कं माहीत असतं. त्यामुळं वर्षातून एकदा सातबारा काढून बघायचा, आठ अ बघायचा, मोबाईलवर होतं आता. जमिनीचा वाद उभा राहिला तर कमांडिंग ऑफिसरतर्फे जिल्हाधिकाऱ्यांना पत्र जातं आणि त्या पत्राला वजन असतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, ते काही फक्त माजी सैनिकांसाठी नाही, नोकरीत असलेल्यांच्या घरच्यांनाही तिथं जाता येतं. कोर्टात केस असेल आणि जवान फील्डसारख्या ठिकाणी असेल तर त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी निकाल लागू नये म्हणून इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अॅक्ट १९२५ आहे, वकिलाला हे नाव सांगा, कधीकधी त्यांनाही आठवण करून द्यावी लागते. तुमच्या नावानं कुलमुखत्यारपत्र करायचं असेल तर कशाकशासाठी ते नेमकं लिहून करा.

आणि कॅन्टीन. "वहिनी एक मिक्सर काढून द्या ना तुमच्या कार्डावर", हे दर लग्नसराईत येणार. कार्डाला लिमिट असतं आणि दुसऱ्यासाठी माल काढणं नियमात बसत नाही. पहिल्या वर्षीच हसून नाही म्हणा, पाचव्या वर्षी नाही म्हटलं तर राग जास्त येतो.

सुट्टीवर आले की

जवानाला वर्षाला ६० दिवस अॅन्युअल लीव्ह आणि ३० दिवस कॅज्युअल असते, पण ती कधी मिळेल ते युनिटवर असतं, त्यामुळं वाढदिवस, गणपती, जत्रा या तारखांवर फार आशा लावू नका, मुलांना तर तारीख सांगूच नका, "लवकर येणारेत" एवढंच.

आणि आल्यावर पहिले चार-पाच दिवस अवघड जातात. तुम्ही इतके महिने घर एकटीनं चालवलेलं असतं, मुलांच्या झोपेची वेळ, टीव्हीची वेळ सगळं बसलेलं असतं, आणि हा माणूस येतो आणि रात्री अकराला मुलांना आइस्क्रीम खायला घेऊन जातो नाहीतर सकाळी पाचला उठवून पीटी करायला लावतो. लहान मूल तर कधीकधी बापाकडं जातच नाही, आईच्या पदराआड लपतं, ते बघून नवऱ्याचा चेहरा उतरतो. मुलावर जबरदस्ती करू नका, "पप्पा आहेत, जा ना" करून ढकलू नका. आंघोळ घालणं, शाळेत सोडणं अशी रोजची दोन कामं त्यांच्याकडं द्या, आठवड्यात पोरगं खांद्यावर बसतं. आणि तक्रारींची यादी पहिल्याच रात्री वाचायची नाही. त्यांनाही वरून आल्यावर नीट झोप लागत नाही, आवाजानं दचकतात, गर्दी नको वाटते, थोडे दिवस जाऊ द्या. महिनाभरानंतरही तसंच राहिलं, चिडचिड किंवा दारू वाढली तर मात्र लपवू नका, एमएचमध्ये त्याचे डॉक्टर असतात.

सुट्टीत पाहुणे, लग्नं, देवदर्शन यातच दिवस जातात, म्हणून पहिल्या आठवड्यातच एक दिवस फक्त सह्यांचा ठेवा. बँक, नॉमिनी, शाळेचा फॉर्म, तलाठ्याकडचं काम, त्यांच्या सहीशिवाय जे जे अडलंय ते सगळं वहीत आधीच लिहिलेलं असू द्या. हे जायच्या आदल्या दिवशी काढू नका, त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असतं, डब्यात लाडू भरायची गडबड असते आणि बँक नेमकी बंद असते.